अंधाऱ्या चर्चमधली निळाई

वाऱ्यामुळे सकाळी गरम हवेचे बलून उडालेच नाहीत, म्हणून चरफडत तुर्कस्तानातल्या गोरेमेच्या खडकातली चर्चेस बघायला गेलो. बरं झालं!

'कारानलिक किलिसे', म्हणजे अंधारं चर्च. वेगळं तिकीट बघून आधी कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आत गेलो आणि गप्पच झालो. 11व्या शतकातली चित्रं, पण निळा रंग काल लावल्यासारखा. खिडकी एवढीशी, ऊन आत येतच नाही, म्हणून रंग टिकले. मध्यंतरी इथे चक्क कबुतरं पाळायचे. भिंतींवरची विष्ठा खरवडून काढायला पुढे कित्येक वर्षं लागली म्हणे.

खांब, कमानी, घुमट सगळं ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात कोरलेलं. खांबांना पेलायला काही नाही, तरी बांधकामाची हुबेहूब नक्कल. वेरूळ आठवलंच.

येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात ताटात एक भलामोठा मासा आहे. मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत होतो. खालच्या, हात पोचेल अशा काही संतांचे डोळे मात्र कुणीतरी खरवडून टाकलेत.

तुर्कस्तान आणि ग्रीसमधल्या 1923च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीच्या करारानंतर इथल्या ग्रीक ख्रिश्चनांना ग्रीसला जावं लागलं. फोटोला बंदी, त्यामुळे दाखवायला काही नाही. बायको म्हणते, उद्या परत जाऊ.