तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा दम कुठून आणता?

कार्यक्रमानंतर ट्रम्पेट पेटीत ठेवत असलो की कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "या वयात एवढा दम कुठून आणता हो?" मुलांना शिकवणीला सोडायला येणाऱ्या आयांनाही हीच काळजी. एकीने तर दमा होणार नाही ना, असंच विचारलं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दम लागतो, पण आधी थकतात ते ओठ.

क्लॅरिनेटला रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, असते. ट्रम्पेटला तसलं काही नाही. थरथरायचं काम वाजवणाऱ्याच्या ओठांनीच करायचं. वाद्यवृंद ज्या 'ए'वर सूर जुळवतो, तो काढताना ओठ सेकंदाला ४४० वेळा थरथरतात. पुढची जवळपास दीड मीटरची पितळी नळी त्या थरथरीला आवाज देते. तीन बटणांचंही लोकांना फार कौतुक. मधलं सूर अर्ध्या स्वराने उतरवतं, पहिलं एकाने, तिसरं दीडने, संपलं. एकही बटण न दाबता सा, पंचम, वरचा सा, त्याच्यावरचा गंधार आणि पुन्हा पंचम हे सगळे ओठांनीच काढावे लागतात. (पेटीवाल्यांसाठी : आमचा हा सा काळी पाचचा.)

वरचा सूर लागेना की नवशिका काय करतो? वाद्य ओठांवर दाबतो. सूर लागतोही, म्हणून तर ती खोड जात नाही. पण दाबलेल्या ओठात रक्त नीट फिरत नाही, ओठ सुजतो आणि थोड्या वेळाने नुसती हवा यायला लागते. खुद्द लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकेतल्या थोर जॅझ ट्रम्पेटवादकाचे ओठ फाटले होते. लग्नसराईत वरातीत वाजवणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर माउथपीसचा, म्हणजे वाद्याच्या ओठांना लावायच्या तुकड्याचा, गोल उमटलेला असतो. त्यांना मी बोल लावत नाही. रस्त्यावर आवाज परत फेकायला भिंत नाही, शेजारी डीजे, आणि नवरदेवाच्या मित्रांना थांबणं ठाऊक नाही.

माझे गुरू गोव्याचे. तिकडे चर्चच्या शाळेत मुलं आधी सोल्फेज, म्हणजे आपल्या सारेगमसारखं डो-रे-मी, गळ्यावर चढवायची, वाद्य नंतर हातात यायचं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे ज्यांचा ट्रम्पेट वाजला ते चिक चॉकलेटही गोव्याचेच, हळदोण्याचे. मीही पहिले काही आठवडे फक्त माउथपीस देतो. मूल घरी नुसतं फुर्रर्र करत बसतं आणि पालकांना फी वाया गेल्यासारखं वाटतं. शिवाय जितका वेळ वाजवलं तितका वेळ थांबायचं, असा माझा नियम. तो पाळायला मुलांना सर्वांत जड जातो. मोठ्यांना तर त्याहून.

वयाचंच विचारायचं असेल तर दातांचं विचारा. माउथपीसचा भार ओठांमागच्या पुढच्या दातांवर येतो. तिथे जरा फरक पडला की वर्षानुवर्षं बसलेली ओठांची ठेवण बिघडते. म्हणून पुढच्या दाताला कॅप बसवायची वेळ आली तेव्हा मी ट्रम्पेट घेऊनच डेंटिस्टकडे गेलो. कॅप तात्पुरती चिकटवून त्यांनी मला खुर्चीतच वाजवायला लावलं, मग थोडी घासली, पुन्हा वाजवायला लावलं. बाहेर बसलेले पेशंट काय समजले असतील कोण जाणे.