तुम्ही विचारलंत म्हणून: तबकडीवरचा आवाज कुणाचा?

"लेबल फाटलंय हो. आवाज ऐकून सांगाल का, कोण गातंय?" जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्याला हे हमखास विचारतात. मी कानाला शेवटी विचारतो. आधी तबकडी उजेडात धरतो. खाचा संपून लेबल सुरू होतं, तिथल्या गुळगुळीत पट्टीवर मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक असतो. टॉर्च आडवा धरला की उमटतो. तो संग्राहकांच्या सूचीत सापडला तर निम्मं काम झालं.

लेबल शाबूत असलं तरी भरवसा नाही. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते पात्राचं नाव, गळा लताबाईंचा. आणि संगीत नाटकातले गायक-नट भाऊराव कोल्हटकर यांची रेकॉर्ड आहे म्हणून कुणी सांगितलं, तर तारखा बघा. भाऊराव गेले १९०१ मध्ये. ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गनं कलकत्त्यात गाणी भरून घ्यायला सुरुवात केली १९०२ च्या नोव्हेंबरात.

कानाची फजिती मात्र माझी स्वतःची आहे. जुन्या बाजारातून एक नाट्यपद आणलं, लेबल अर्धं वाळवीनं खाल्लेलं. दोनदा ऐकून मी छातीठोकपणे सांगितलं, बाई आहे. मित्र म्हणाला, वेग उतरव. तेव्हाच्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांना भरलेल्या नसत. ७२ ला भरलेली ७८ वर लावली, की पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गवई पांढरी दोनच्याही वर जातो. वेग उतरवला आणि बाईंचा बुवा झाला. खरं तर पद नायिकेचं आहे एवढ्यावरून बाई ठरवणं आपल्याकडे तरी शोभत नाही. नायिका पुरुषच तर गात होते.

"आता पिन उचलू नकोस," मित्र म्हणाला. पद संपलं की मी लगेच उचलायचो. सुरुवातीच्या काळात गाणारे शेवटी आपलं नाव पुकारत. गायिका गौहर जानचं 'माय नेम इज गौहर जान' त्यातलंच. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला गाणं कुणाचं हे कळावं म्हणून ती सोय. हल्ली मोबाइलवर नक्कल करताना लोक नेमका तेवढाच तुकडा कापतात, याचा मला फार राग येतो.

पिन पुढे गेली. खरखर, आणि मग स्पष्ट "मास्टर…" पुढचं नाव ओरखड्यात गेलंय. गेली चार वर्षं मी तेवढंच ऐकतोय.