मंद प्रकाश: रांगा सरकवल्या आणि पल्स आकार धरू लागली

पावसाळा लागल्यापासून खानापुरात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे मीप या संगणक-प्रणालीत प्रकाशाचं मोठं सिम्युलेशन रात्री जेवणं झाल्यावर लावतो आणि मधली अवस्था डिस्कवर साठवत जातो. सध्या डब्ल्यू1 वेव्हगाइड (प्रकाशाला वाट देणारी रचना) घेतलाय: सिलिकॉनचा 220 नॅनोमीटर जाडीचा पातळ थर, त्यात त्रिकोणी जाळीत 420 नॅनोमीटरवर एक अशी भोकं, आणि मधली एक रांग न पाडता सोडलेली. प्रकाश त्या सलग पट्टीतून जातो.

मंडळी, प्रकाश नुसता हळू करणं फार अवघड नाही. बँड म्हणजे अशा रचनेतून जाऊ शकणाऱ्या वारंवारतांचा पट्टा; त्याच्या कडेकडे जाल तसा वारंवारता आणि तरंगसंख्या यांचा आलेख आडवा होत जातो, समूहवेग (पल्स, म्हणजे प्रकाशाचा छोटा झोत, ज्या वेगाने सरकते तो) शून्याकडे झुकतो. पण तिथे तो इतक्या झपाट्याने बदलतो की पल्समधली प्रत्येक तरंगलांबी आपापल्या वेगाने निघते आणि पल्स पसरून जाते. 1999 मध्ये लेने हाऊ यांच्या गटाने अतिथंड सोडियम अणूंमध्ये प्रकाश सेकंदाला 17 मीटरवर आणला होता. मला एवढा वेग उतरवायचा नाही. पल्स हळू चालावी आणि तिचा आकारही टिकावा, माझा सगळा जीव त्यात आहे.

म्हणून सेंट अँड्र्यूजच्या क्राउस गटाची 2008 ची पद्धत धरली. भोकं तेवढीच ठेवायची, पट्टीलगतच्या दोन-दोन रांगा फक्त सरकवायच्या. पहिली साधारण 50 नॅनोमीटर बाहेर घेतली, दुसरी किंचित आत. बँडच्या आलेखाचा वाकलेला भाग तेवढ्यापुरता सरळ झाला! ग्रुप इंडेक्स (निर्वातातल्यापेक्षा पल्स किती पट हळू, तो आकडा) 30 च्या आसपास, आणि 1550 नॅनोमीटरजवळच्या तरंगलांब्यांच्या छोट्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर. 1 पिकोसेकंदाच्या पल्सला साडेतीन नॅनोमीटर रुंदीचा तरंगलांब्यांचा पट्टा लागतो, ती त्यात आरामात बसते.

हीच पल्स निर्वातात 0.3 मिलिमीटर लांब असते. इथे ती 10 मायक्रोमीटरची होते, म्हणजे जेमतेम 24 भोकांएवढी. चोर्ला घाट चढताना गाड्या एकमेकींना चिकटतात तसंच. पुढचं टोक आधी मंदावतं, मागचं अजून वेगात असतं. कालावधी मात्र तोच राहतो. हे चित्र फ्रेम-फ्रेमने बघताना मी जागचा हललो नाही.

आता सांध्याचं काम. साध्या वेव्हगाइडमधून मंद भागात शिरताना बराच प्रकाश परत फिरतो. मधे थोडी ताणलेल्या जाळीची भोकं घालून बघतोय. कोणी हा सांधा त्रिमितीत चालवला असेल तर किती भोकांचा ठेवला ते कळवा.