पश्चिमेची स्लायडिंग खिडकी आत पाणी का घेते

जुलैच्या झडीत खिडकीखाली भिंतीला ओल दिसली की मुंबई-ठाण्यात पहिला फोन जातो तो सिलिकॉन मारणाऱ्याला. तो येतो, चौकटीभोवती बाहेरून जाडजूड सिलिकॉन ओढतो, त्याच ओघात खालच्या ट्रॅकला असलेली पाणी जायची भोकंही बुजवतो आणि पैसे घेऊन जातो. पुढच्या झडीत आधीपेक्षा जास्त पाणी आत येतं. यात नवल काहीच नाही. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीत पाणी शिरणारच. शटर, म्हणजे काचेचा सरकता पल्ला, सरकायचं तर फट ठेवावी लागते आणि त्या फटीत असतो फक्त केसाळ ब्रश. तो वारा आणि धूळ कमी करतो, पाणी थांबवत नाही. ट्रॅकमध्ये आलेलं पाणी साठू न देता बाहेर सोडणं हे खिडकीचं खरं काम आहे आणि खिडकी बसवताना प्रत्येक निर्णय त्याच हिशेबाने घ्यावा लागतो.

आधी थोडं गणित, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग गुणिले 0.6, उत्तर पास्कलमध्ये. 10 मिमी उंचीचं पाणी म्हणजे साधारण 98 पास्कल. ताशी 40 किमी वाऱ्याला दाब येतो जवळपास 74 पास्कल, म्हणजे तो ट्रॅकमधलं पाणी आतल्या बाजूला साडेसात मिमी वर उचलून धरू शकतो. ताशी 65 किमीला हाच आकडा 20 मिमी होतो आणि ताशी 100 किमीला जवळपास 47 मिमी. आता आपल्या खिडकीच्या ट्रॅकच्या तळापासून आतल्या कडेच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा. नेहमीच्या पाऊण इंची सेक्शनमध्ये (हे अॅल्युमिनियमच्या तयार पट्टीचं बाजारातलं नाव) संपूर्ण ट्रॅकच सव्वा इंच उंच असतो, त्यात पाणी धरणारी उंची त्याहून कमी. समजा ती 20 मिमी आहे. मग 65 किमीचा झोत आला की पाणी कडेवरून उडी मारून खोलीत येणार, सिलिकॉन कितीही मारा. त्या वेळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर घरातला दाब आणखी कमी होतो आणि पाणी आणखी लवकर येतं. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 875, भाग 3) इमारतीच्या आराखड्यासाठी मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग 44 मीटर प्रति सेकंद धरतात, पुण्याचा 39. म्हणून पुण्यात वर्षानुवर्षं कोरडी राहिलेल्या खिडकीची नक्कल वरळीच्या पंधराव्या मजल्यावर करून चालत नाही.

दगडाची चौकट

आपल्याकडे खिडकीच्या पोकळीला चारी बाजूंनी ग्रॅनाइट किंवा मार्बलची पट्टी लावतात आणि त्यात अॅल्युमिनियमची फ्रेम बसते. निम्म्याहून जास्त गळत्यांचं मूळ मला या दगडात दिसतं, पण फॅब्रिकेटर येतो तेव्हा गवंडी काम उरकून गेलेला असतो आणि मधल्या मध्ये जबाबदारी कुणाचीच राहत नाही. त्यामुळे फ्रेमची ऑर्डर देण्याआधी दगड नीट तपासा.

खालची सिल, म्हणजे तळाची आडवी पट्टी, आधी बसलेली हवी आणि दोन्ही बाजूंना भिंतीत 40-50 मिमी घुसलेली हवी. उभ्या पट्ट्या तिच्यावर उभ्या राहतात. उलटं केलं, म्हणजे उभ्या पट्ट्या खालपर्यंत नेल्या आणि सिल त्यांच्यामध्ये अडकवली, तर कोपऱ्यातला सांधा थेट भिंतीत उघडतो. सिलखाली मसाला सलग भरलेला हवा. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे आणि ती पावसाळाभर पाणी साठवून हळूहळू आतल्या गिलाव्याला पाजत राहील.

फ्रेमच्या बाहेरच्या भागाला बाहेर ढाळ हवा, 100 मिमीला 5 मिमी. फ्रेम जिथे बसणार तो भाग मात्र पाणसळीत, नाहीतर शटर आपोआप एका बाजूला सरकतं. फ्रेमच्या मागे, खोलीच्या बाजूला, दगडाची एक पट्टी उभी चिकटवावी: 18 मिमी जाडीची, ट्रॅकच्या माथ्यापर्यंत किंवा त्याहून थोडी उंच, इपॉक्सीने आणि दोन्ही टोकांना सांधा भरून. फ्रेम या पट्टीला आतून टेकते. फ्रेमच्या खालून पाणी सरकलं तरी या पट्टीशी अडतं आणि वाऱ्याने फ्रेम आत ढकलली जाते तेव्हा टेकूही मिळतो. सिमेंटच्या स्लरीने चिकटवलेली पट्टी दोन-तीन पावसाळ्यांत सुटते.

सिल बाहेरच्या गिलाव्याच्या पुढे 30-40 मिमी यायला हवी आणि तिच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून 15 मिमी आत, एक खाच हवी. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे येतं, ते या खाचेशी तुटून खाली पडतं. कटरचं पातं एकदाच फिरवलं तर खाच तीन-चार मिमीची होते आणि थेंब ती सहज ओलांडतो. पातं शेजारी शेजारी दोन-तीनदा फिरवून खाच 8-10 मिमी रुंद आणि 5-6 मिमी खोल करून घ्या. सिल बसल्यावर खालून हे काम नीट होत नाही, बसवण्याआधीच करायचं.

माप आणि फ्रेम

रुंदी वर, मध्ये, खाली. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. आणि दोन्ही कर्ण. सगळ्यांत लहान माप धरायचं. कर्णांत एका सुतापेक्षा, म्हणजे 3 मिमीपेक्षा, जास्त फरक असेल तर फ्रेम काटकोनातच बनवायची आणि फरक फटीत मुरवायचा. वाकड्या पोकळीसाठी वाकडी फ्रेम बनवली की शटर कधीच नीट बंद होत नाही.

प्रत्येक बाजूला 5-6 मिमी फट सोडा. बहुतेक फॅब्रिकेटर एक सूत सोडतात. त्या फटीत सिलिकॉनचं नोझल शिरतच नाही, सगळं वरवर बसतं आणि वर्षभरात सालासारखं निघतं. शिवाय अॅल्युमिनियम तापून वाढतं: दीड मीटरच्या फ्रेममध्ये 35 अंशांच्या फरकाला साधारण 1.2 मिमी. ही हालचाल सांध्यालाच सोसायची असते.

आता फ्रेमचे कोपरे. पाऊण इंची सेक्शनमध्ये आडवा ट्रॅक आणि उभा ट्रॅक काटकोनात एकमेकांना टेकवून स्क्रूने जोडतात. डोमल या जाड सेक्शनमध्ये 45 अंशांत कापून आत क्लीट, म्हणजे कोपरा जोडणारा तुकडा, घालतात. दोन्हींत केसभर फट राहते आणि खालच्या कोपऱ्यांत ती पाण्याच्या पातळीखाली असते. उपाय एकच: जोडण्याआधी कापलेल्या तोंडावर सिलिकॉनचा पातळ थर लावायचा, मग स्क्रू आवळायचा आणि आतून बाहेर आलेलं पुसून काढायचं. जोडल्यावर वरून बोटाने फासलेलं सिलिकॉन म्हणजे मलमपट्टी. कारखान्यात दोन मिनिटांचं हे काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पाणी जायच्या खाचाही जोडण्याआधीच पाडायच्या. फॅब्रिकेटर 4-5 मिमीचं गोल भोक पाडून मोकळा होतो. एवढ्या भोकात पाण्याचा थेंबच बूच होऊन बसतो. 5 मिमी उंच आणि 25-30 मिमी लांब खाच हवी. दीड मीटरच्या खिडकीला बाहेरच्या कडेत तीन पुरतात: दोन टोकांपासून 150 मिमीच्या आत, एक मध्ये. पण हे अर्धंच काम झालं. तीन ट्रॅक असतील तर सगळ्यांत आतल्या ट्रॅकचं पाणी बाहेर यायला मधल्या प्रत्येक कडेलाही खाच लागते. ती बाहेरच्या खाचेच्या बरोबर समोर नको, थोडी सरकवून, म्हणजे वाऱ्याचा झोत सरळ आत येत नाही. पाडल्यावर धार कानशीने साफ करा आणि बुरा झाडून काढा. बेअरिंगमध्ये गेलेला अॅल्युमिनियमचा बुरा पहिल्याच महिन्यात शटर जड करतो.

बसवणं

सिलवर फ्रेमच्या रुंदीत न्यूट्रल (आम्ल न सोडणाऱ्या) सिलिकॉनच्या दोन सलग रेघा ओढून खालचा ट्रॅक त्यावर दाबून बसवायचा. ओळंबा, पाणसळ आणि कर्ण पुन्हा बघायचे, मगच ड्रिल हातात घ्यायचं. स्क्रू उभ्या बाजूंना आणि वर: कोपऱ्यापासून 150 मिमीवर पहिला, पुढे 600 मिमीच्या आत एकेक. 18 मिमी दगड, मागचा 12-15 मिमी मसाला आणि फट धरली तर 75 मिमीच्या स्क्रूची विटेतली पकड तुटपुंजी राहते. 100 मिमीचा फ्रेम प्लग वापरा. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची, असेल तर साधा नायलॉन प्लग धरत नाही, त्या ब्लॉकसाठी बनवलेलाच घ्या. दगडातून भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा आणि दगड पार झाल्यावरच चालू करायचा. नाहीतर पट्टीला तडा जातो. समुद्राजवळ स्क्रू 316 स्टेनलेसचे, इतरत्र 304 चालतात. झिंकचा मुलामा दिलेले साधे स्क्रू गंजून तांबडे ओघळ सोडतात.

प्रत्येक स्क्रूजवळ फ्रेम आणि दगड यांच्यामध्ये प्लास्टिकची पॅकिंग पट्टी हवी. ती नसेल तर स्क्रू आवळताना उभा सेक्शन दगडाकडे ओढला जाऊन मध्ये धनुकलीसारखा वाकतो. ओळखायची खूण अशी: शटर बंद केल्यावर हँडलच्या बाजूला वर आणि खाली टेकतं, मध्ये उजेडाची रेघ दिसते.

खालच्या ट्रॅकला आरपार भोक पाडायचं नाही. पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे सिलखाली जाणारा नळ. लांबी फार आहे म्हणून पाडावंच लागलं तर ट्रॅकच्या तळाऐवजी उंच भागात पाडा, भोकात आधी सिलिकॉन भरा, मग स्क्रू घाला आणि डोक्यावर पुन्हा सिलिकॉन.

सिलिकॉन न्यूट्रलच हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन आम्ल सोडतं. ते मार्बलवर आणि सिमेंटवर नीट धरत नाही आणि दगडाला डाग पाडतं. फटीत आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची दोरी, फटीच्या सव्वापट जाडीची घाला. त्यामुळे सिलिकॉन दोनच बाजूंना चिकटतं आणि रबरासारखं ताणू शकतं. मागेही चिकटलं की पहिल्या उन्हाळ्यातच फाटतं. दगडावरची कटिंगची भुकटी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, मग स्पिरिटचा हात फिरवा. पाच फूट बाय चार फुटांच्या खिडकीचा घेर जवळपास 5.5 मीटर. आत-बाहेर 6 बाय 6 मिमीची रेघ आणि खालच्या दोन रेघा धरल्या तर जवळपास 500 मिली लागतं, म्हणजे 280 मिलीच्या दोन नळ्या संपतात. वाया जाणारं आणि कोपऱ्यांचं धरून तीन आणा. एका नळीत दोन खिडक्या करणारा माणूस नुसती रंगरंगोटी करतोय. बाहेरची रेघ खाचांच्या खाली राहते आहे ना, हे स्वतः वाकून बघा.

हे सगळं एप्रिल-मे महिन्यांत. पावसाळ्यात दगडाच्या मागचा मसाला ओला असतो, वरून कोरडा दिसला तरी. शटर चढवेपर्यंत आणि रंगकाम संपेपर्यंत फ्रेमवरची टेप काढू नका: ओलं सिमेंट अॅल्युमिनियमला खातं आणि फरशी धुवायचं अॅसिड त्याहून जास्त.

शटरबद्दल एकच गोष्ट, पण जिवाची. 5 मिमी काचेचं वजन चौरस मीटरला 12.5 किलो, म्हणजे वरच्या पाच बाय चार फुटांच्या खिडकीचं एक शटर काचेसकट 12-13 किलोंचं. ते वर उचलून ट्रॅकमधून काढता येतं, म्हणूनच वाऱ्यानेही निघू शकतं. वरच्या ट्रॅकमध्ये उचल रोखणारा ठोकळा लावून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंटरलॉकच्या, म्हणजे दोन शटर मध्ये एकमेकांत अडकतात त्या उभ्या पट्टीच्या, वरच्या आणि खालच्या टोकाला रबरी बूचही हवं. ब्रश तिथे संपतो आणि पावसाची बारीक धार तिथूनच आत येते.

तपासणी

बाहेरच्या खाचांवर टेप लावून ट्रॅक पाण्याने भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर कोपरे किंवा स्क्रूची भोकं गळतात. मग टेप काढा: पाणी काही सेकंदांत बाहेर पडलं पाहिजे आणि सिलवरून पुढे गेलं पाहिजे, फ्रेमखाली परतता कामा नये. नंतर आतल्या ट्रॅकमध्ये लिटरभर ओतून पुन्हा बघा.

जुन्या खिडकीत ओल कुठे दिसते त्यावरून कारण बरंचसं कळतं. खालच्या दोन कोपऱ्यांखाली डाग असतील तर फ्रेमचे कोपरे; सिलखाली सलग पट्टा असेल तर सिलचा ढाळ किंवा खालच्या ट्रॅकमधली स्क्रूची भोकं; वरून उतरत असेल तर खिडकीला दोष देऊ नका, छज्जा आणि भिंत यांच्यातला सांधा बघा. कोपरे गळत असतील तर फ्रेम न काढता काम होतं: शटर उतरवा, ट्रॅक ब्रशने घासा, दोन दिवस वाळू द्या, कोपऱ्यांत न्यूट्रल सिलिकॉन भरा आणि बुजवलेल्या खाचा कोरून मोकळ्या करा. सिलचा ढाळ आत असेल तर मात्र बाहेरून काहीही फासून उपयोग नाही. फ्रेम उतरवून सिल काढून नव्याने बसवावी लागते आणि तो खर्च दरवर्षीच्या सिलिकॉनपेक्षा आधी केलेला बरा.