विहिरीच्या कठड्यातला दगड

श्रीवर्धनकडच्या आमच्या घरामागच्या विहिरीचा कठडा गेल्या पावसात ढासळला. ढिगाऱ्यात शिंपल्यांनी खच्चून भरलेला एक तुकडा दिसला. मी लगेच निकाल देऊन मोकळी, "जुना चुना आहे. वाळूबरोबर शिंपले आलेत." गवंडीकाका हसले. "ताई, चुना कसला? करळ म्हणतात याला, किनाऱ्यावरचा वाळू-शिंपल्यांचा दगड. पूर्वी समुद्रावरनं काढून आणायचे."

हट्टाने वर लिंबू पिळलं. फसफसलं! खूश झाले, मग लक्षात आलं की करळही फसफसतेच. दोन्हीकडे कॅल्शियम कार्बोनेटच. एवढ्यावरून भांडण मिटणार नव्हतं, म्हणून भिंग घेऊन पायरीवर बसले.

चुन्यात शिंपले कसेही खोचलेले असतात, मध्ये विटेचा चुरा, कोळशाचे कण, न विरघळलेले पांढरे गोळे. या तुकड्यात मात्र थर होते, आणि त्यात शिंपले बहुतेक पालथे, वाट्या धुऊन उपड्या घालाव्यात तसे. उताणा शिंपला लाट पुन्हा उलटवते. पालथा पडला की पाणी वरून निघून जातं. थरांमध्ये काळ्या कातळाचे बारीक कण. एका शिंपल्याची बिजागरी तर इतकी शाबूत, की खायच्या तिसऱ्या (शिंपले) साफ करताना बोटाला लागते तशी दातेरी लागली. म्हणजे चुना नव्हे, करळच.

जीवाश्म म्हणजे जिवाचा दगड झालेला, असं मी धरून चालले होते. इथे शिंपला शिंपलाच राहिलाय, दगडपण आलंय ते मधल्या डिंकामुळे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळूतलं पाणी आटतं, त्यातलं कार्बोनेट कणांभोवती स्फटिक होऊन बसतं आणि वाळू जागच्या जागी सांधली जाते. कोकणातली करळ काही हजार वर्षांची. पण हे काम झटपटही होतं. जगात काही किनाऱ्यांवर अशा दगडात काचेच्या बाटल्या अडकलेल्या सापडल्यात. आणि असा थर भरतीरेषेच्या वर दिसला, तर समुद्र कधीकाळी तिथवर होता का, असा प्रश्न पडायला हवा. शेजारचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, पण लाव्हाचा. त्यात समुद्री शिंपला शोधत बसू नये.

कठडा पुन्हा रचताना मी बजावलं, "शिंपल्यांची बाजू बाहेर येऊ दे." काकांनी दगड फिरवून पाहिला आणि शिंपले आत घातले. बाहेरची बाजू सपाट हवी म्हणाले.