पोषकर सही

पोरगा दाराशी उभा. पोटरीवरून रक्त आणि पावसाचं पाणी एकत्र ओघळत होतं आणि तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे: "सिस्टर, सुई द्या, खरं घरात सांगू नका."

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. बेळगावच्या पश्चिमेचा हा भाग, डोंगरापलीकडं चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. जुलै महिना, रोप लावणीची घाई, म्हणून दवाखाना रिकामा. डॉक्टर मॅडम तालुक्याच्या मीटिंगला गेलेल्या. मी आणि फार्मासिस्ट, दोघंच.

वय विचारलं. "चौदा पुरं." मराठी हायस्कूलात नववीला. पोटरीवर चार दात उमटलेले, त्यातले दोन खोल. वर पांढरा थर बसला होता.

"चुना. आज्जी म्हणती, कुत्रं चावलं की चुना आन् तिखट लावायचं. तिखट न्हाय लावलं, झोंबतंय."

त्याला मागच्या नळावर नेलं. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं; गावात हे कुणाला पटत नाही, कारण साबण फुकटासारखा. पोरगा माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभा. पांढरं पाणी मोरीत चाललेलं आणि त्याची गोष्ट तुकड्यातुकड्यानं बाहेर येत होती. कुत्रं त्याचंच. बाबांनी घरात ठेवायचं नाही म्हणून बजावलेलं, म्हणून काजूच्या बागेतल्या खोपीत लपवून पाळलेलं. आज भाकरी द्यायला गेला तर उठलं आणि चावलं. "बाबांना कळलं तर काठीनं मारतील त्याला." स्वतःच्या मारापेक्षा त्याला ती काठी जास्त दिसत होती.

मग कागद. आमचा छापील कागद कन्नडमध्ये. पोरानं खालची ओळ बोटानं वाचली, "पोषकर सही. म्हंजे आईबाबांची न्हवं?" आणि पुढं अगदी मदतीच्या सुरात, "बाबांची सही मला येतीय. प्रगतिपुस्तकावर मीच करतो."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. कारण त्या ओळीपायी मी याआधी एकदा चुकले होते. ३ जानेवारी २०२२ ला १५ ते १८ वर्षांच्या मुलांचं कोविड लसीकरण सुरू झालं तेव्हा आम्ही कॉलेजात टेबल लावलं होतं. पालकाची सही नाही म्हणून मी पाच-सहा पोरी परत पाठवल्या. त्यातली एक सतरा वर्षांची, बाप गोव्याला कामाला, आई घाबरून सही करेना. "मला कळतंय की वो, मला पायजे," म्हणत होती. "मोठं माणूस घेऊन ये," एवढं बोलून मी पुढच्या नावाला हाक मारली. ती परत आली नाही. त्याच महिन्यात रामदुर्ग तालुक्यात लसीनंतर तान्ही बाळं दगावल्याची बातमी आली. मग आईबापांची भीती मी कुठल्या तोंडानं खोडून काढणार होते?

पण कोविडला दोन दिवस इकडचे तिकडं चालले असते. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जातोच.

मॅडमना फोन लावला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: रक्त आलंय का, धुतलंय का, पोरगं शुद्धीत नीट बोलतंय का. "लस आत्ता द्या. घरच्यांना फोन लावल्याचं केस पेपरवर लिहा आणि लावाच." कायदा त्यांनी संध्याकाळी चहा पिताना सांगितला. १२ वर्षांच्या आतल्या मुलाची संमती कायदा संमती धरतच नाही. १८ झाल्याशिवाय माणूस सज्ञान नाही. मधल्या सहा वर्षांबद्दल कायदा स्वच्छ बोलत नाही, म्हणून सगळे दवाखाने सही मागून मोकळे होतात. आणि पालक वेळेत भेटत नसेल तर पेशंटच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे, जुन्या दंडसंहितेतलं ९२.

बाप उद्यमबागेत फौंड्रीत, फोन बंद. आई शेतात, तिच्याकडं फोनच नाही.

पोराला म्हटलं, बाबांची सही करायची नाही. मी सांगते ते ऐक, मग तू मला सांग, कळलं तर तुझं स्वतःचं नाव लिही. सगळं सांगितलं. त्यानं बोटं मोजत परत म्हटलं: "आज दोन्ही दंडात. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. तवा नागपंचमी हून गेलेली असती. चुकवलं तर मरतंय." गेल्या कित्येक वर्षांत सही करणाऱ्या एकाही बापानं मला इतकं नीट सांगितलेलं नाही.

दोन्ही दंडांत कातडीच्या आत ०.१ मिली. मोसंबीच्या सालीसारखा बारीक फुगवटा आला की समजायचं सुई बरोबर बसली. तो बघत होता. "व्हॅक्सिन म्हंजे ते टिळकवाडीचं ग्राउंड?" बेळगावातल्या त्या मैदानाचं नाव व्हॅक्सिन डेपो; तिथं पूर्वी देवीची लस तयार व्हायची, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

पण जखम खोल होती. अशा चाव्याला लसीबरोबर जखमेत सीरमही, म्हणजे विषाणूला जागेवरच अडवणारं तयार औषध, भरावं लागतं, ते आमच्याकडं नव्हतं. बेळगावला जायचं म्हणजे मोठं माणूस हवंच. तो रडायला लागला. इथं मी गप्प राहिले असते तर त्याचा विश्वास टिकला असता आणि पाय तसाच राहिला असता. म्हटलं, "घरात सांगणार नाही असं मी कबूल केलेलं नाही. खरं कुत्र्याचं मी बघते."

आशाताई शेतात गेली. आई गुडघाभर चिखलानं माखलेली, तशीच आली. आधी पोराच्या पाठीत एक धपाटा, मग पाय बघून खाली बसली. तासाभरात दोघं टमटमनं बेळगावला गेली.

तिसऱ्या दिवशी बाप आला. "आमाला न इचारता सुई कशी दिलासा?" मी केस पेपर पुढं केला: फोनच्या वेळा, पोराचं नाव त्याच्या वळणदार अक्षरात. वाचून झाल्यावर तो नुसताच बसून राहिला. मग मी कुत्र्याचं काढलं. दहा दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही, बांधून ठेवून लक्ष ठेवायचं. मारलं तर ते पिसाळलेलं होतं का नाही, हे कळायचा सोपा मार्गच जातो. हे मी मुद्दाम जरा चढ्या आवाजात सांगितलं, कारण पोरगा दारात उभा होता. दहा दिवस गेले, कुत्रं धडधाकट. बहुतेक भाकरीच्या वेळी मध्ये पाय आला असणार याचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो एकटाच आला, शाळेच्या दप्तरासकट. सुई झाली, रजिस्टरात नाव लिहून झालं, तरी हलेना.

"सिस्टर, कुत्र्याची सुई कुठं देतात?"

"गुरांच्या दवाखान्यात."

"तिथं पोषकर सही मीच करायची न्हवं?"