मेंढराचं तोंड लागलेलं गवत

सप्टेंबरचा शेवट म्हणजे आमच्या कामाचा सीझन, कारण गवत फुलोऱ्यात असतं तेव्हाच नीट ओळखता येतं, एरवी पवन्या कुठलं आणि शेडा कुठलं हे नुसत्या पात्यावरून सांगणं अवघड. त्या वर्षी आमचा सर्व्हे बारामती तालुक्यात, सुप्याकडच्या माळांवर चालू होता. पर्जन्यछायेचा भाग, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. काम तसं साधं, पाइपची एक मीटरची चौकट जमिनीवर टाकायची, आत काय काय उगवलंय ते लिहायचं आणि पुढे सरकायचं.

शेजारीशेजारी तीन तुकडे होते. एकाला तारेचं कुंपण घालून कित्येक वर्षं चराई बंद, एक उघडा जिथे मेंढरं चरतात, आणि तिसऱ्यावर वीसेक वर्षांपूर्वी चर खणून ग्लिरिसिडियाची झाडं लावलेली, ज्यांना गावात उंदीरमारी म्हणतात. डेटाशीट मीच बनवली होती आणि त्यात चराईचा कॉलम मी 'उपद्रव' या मथळ्याखाली टाकला होता. कुंपणातल्या तुकड्यात सगळ्यात जास्त जाती निघणार हे मी धरूनच चालले होते.

आत गेलो तर गवत कमरेएवढं, वाऱ्यावर लाटा, फोटो काढावा असं. पण चौकट टाकून खाली वाकलं की मागच्या दोनतीन वर्षांचं वाळकं गवत चटईसारखं बसलेलं, त्याखाली उजेडच नाही, आणि त्यामुळे उंच गवताच्या दोनतीन जाती सोडल्या तर लिहायला फारसं काही मिळेना. मग उघड्या माळावर आलो. गवत गुडघ्याच्याही खाली, कुरतडलेलं, पण मधल्या मोकळ्या जागांत विष्णुक्रांता, जमिनीला चिकटून पसरलेल्या शेंगांच्या बारक्या वनस्पती, मारवेल, पवन्या, कुसळी, आणि डोक्यावर चंडोल गातोय. एकेका चौकटीला इतका वेळ लागायला लागला की माझा सहकारी म्हणाला आज संपत नाही हे.

तिथेच एक आबा मेंढरं घेऊन उभे होते, आम्ही काय करतोय ते मघापासून बघत. मी त्यांना कुंपणातलं गवत असं का झालं ते विचारलं.

"आगं पोरी, मेंढराचं त्वांड लागल्याबिगर गवात फुटतंय व्हय? जुनं खाल्लं तर नवं येणार ना."

मग सहज म्हणून बहात्तरच्या दुष्काळाचं निघालं. तेव्हा ते पोरसवदा होते. माळावर काडी नव्हती म्हणाले, नुसता मुरूम, जनावरं गेली, माणसं खडी फोडायला गेली. "आन् फुडच्या सालाला पाऊस झाला तर आठ दिसात माळ हिरवा." बोलता बोलता त्यांनी काठीच्या टोकाने पवन्याचं एक ठोंब उकरलं आणि खालची मुळं दाखवली, दाट, घट्ट. वरचं सगळं गेलं तरी जीव खाली असतो.

मला कॉलेजात शिकलेला हॉलिंग या परिसंस्थाशास्त्रज्ञाचा पेपर आठवला, परिसंस्था एकाच जागी स्थिर राहणं वेगळं आणि हेलकावे खाऊनही टिकणं वेगळं, असं त्यात मांडलंय, आणि तो पेपर १९७३ चा, म्हणजे आबा ज्या पावसाळ्याबद्दल सांगत होते त्याच वर्षीचा. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं पण कळलं ते त्या ठोंबाकडे बघताना. दुष्काळ, चराई, अधूनमधून लागणारा वणवा हे सगळं माळाने पचवलेलं आहे. चराईलाही मर्यादा आहे हे आबांनीच सांगितलं, गावाजवळ जिथे बारा महिने विसावा नाही तिथे पवन्या संपलाय आणि टोचणारं हलकं गवत तेवढं राहिलंय. पूर्वी दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे, तेवढे महिने माळ मोकळा असायचा.

तिसऱ्या तुकड्यात मात्र मी गप्प झाले. ग्लिरिसिडियाखाली सावली, पालापाचोळा, चरांमध्ये उलटापालटा झालेला मुरूम. खुरप्याने पाच ठिकाणी उकरलं, पवन्याचं एकही ठोंब नाही. या गवतांना दिवसभर ऊन लागतं, सावलीत ती टिकत नाहीत. दुष्काळाने जे झालं नाही ते झाडं लावून झालं, आणि लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता याचं मला जास्त वाईट वाटतं. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक म्हटलं की झाडं लावा. पण लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी हे सगळे उघड्यावरचे जीव, आणि माळढोक तर जमिनीवरच एकुलतं अंडं घालतो, त्याला लांबवर दिसावं लागतं. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आता तिथे तो दिसला तर बातमी होते.

संध्याकाळी गाडीत बसून डेटाशीटमधला 'उपद्रव' खोडला आणि नुसतं 'चराई, महिने किती' असं लिहिलं.

पुढे त्या तुकड्यातला थोडा भाग मोकळा करायची परवानगी मिळाली, उंदीरमारी मुळासकट काढली, शेजारच्या माळावरून पवन्याचं बी गोळा करून टाकलं. तीन पावसाळे झाले. मारवेल आलंय. पवन्या अजून नाही.